सुभद्रेची अडचण

श्रीकृष्णाचं बोट कापलं, रक्ताची धार लागली. बांधायला चिंधी हवी म्हणून सुभद्रेकडे निरोप गेला. तिच्या घरात शालू-पैठण्यांखेरीज काही सापडेना आणि त्या फाडायला तिचं मन होईना. मग द्रौपदीनं अंगावरचं भरजरी वस्त्र टरकन फाडून दिलं. आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ चित्रपटातल्या गाण्यामुळे १९५३ पासून ही गोष्ट मराठी घराघरांत पोचली आणि तेव्हापासून सगळे सुभद्रेला नावं ठेवत आले. मी मात्र तिच्या बाजूची आहे.

मुळात तिच्याकडे चिंधी नव्हती, यावरच माझा विश्वास नाही. बाई यादवांची लेक असो की पांडवांची सून, संसार म्हटला की पलंगाखाली, माळ्यावर, गेलाबाजार रथाच्या मागच्या बाजूला एक गाठोडं असतंच. तिनं ते उघडलंही असेल. पण त्यातल्या प्रत्येक तुकड्याचं काही ना काही ठरलेलं असणार. हा अभिमन्यूच्या दुपट्याला, हा उशीच्या अभ्र्याला, हा काठ तर राहूच दे, असा पुन्हा मिळायचा नाही. शालू एक वेळ फाडता येतो हो. जपून ठेवलेली चिंधी द्यायला काळीज लागतं.

माझ्याकडे अशी गाठोडी आहेत. ह्यांना त्यातल्या एकाचाच पत्ता ठाऊक आहे. ब्लाउजचं उरलेलं टू बाय टू, परकरांचं पॉपलीन, मुलाच्या आखूड झालेल्या युनिफॉर्मची निळी चौकडी, जुन्या पडद्यांचे काठ, ओटीत आलेल्या गुळेदगुड्डच्या खणांचे त्रिकोणी उरलेसुरले कोपरे. आमच्या शिंप्याची एक चांगली सवय आहे. ब्लाउज देताना तो उरलेला तुकडा घडी घालून आत ठेवतो. तो तुकडा तळहाताएवढाही नसतो, पण तो परत न देणाऱ्या शिंप्याकडे आमच्यातली कुणी दुसऱ्यांदा पाऊल टाकत नाही. ब्लाउज बिघडला तर बायका समजून घेतात. तुकडा खाल्ला तर ती नियतीतली खोट.

त्यात आम्ही सांगलीकर. इचलकरंजी हाकेच्या अंतरावर. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग सुरू केला आणि पुढे सगळ्या गावानंच कापड विणायला घेतलं. जिथे एवढं कापड निघतं तिथे कटपीसही निघतात, आणि ते मीटरवर नाही तर वजनावर मिळतात. मीटरवर घेताना माणूस विचार करतो. किलोवर घेताना त्याची नियत भाजीबाजारातली होते. म्हणजे जुनं संपवायला मी शिवायला बसते आणि मापात बसणारा एक पिवळा सापडत नाही म्हणून आणखी दोन किलो घेऊन येते. हे काटकसर या सदरात मोडतं.

जुन्या कपड्यांवर आमच्या घरात पूर्वीपासून तिघांचा हक्क. पहिली बोहारीण. दारात बसून ती साडी उजेडापुढे धरायची, विरलेली जागा बरोब्बर शोधायची आणि आपण मागितलेल्या पातेल्याऐवजी चहाचं गाळणं पुढे करायची. पण तिला अख्खा कपडा लागतो, तुकड्यांना ती हात लावत नाही. दुसरा हक्क वाकळीचा, म्हणजे आमच्याकडच्या गोधडीचा. तिसरा मसोत्याचा. मसोतं म्हणजे ओट्याशेजारच्या खिळ्याला लटकणारं ते फडकं: एका कडेला करपलेलं, एका कोपऱ्यात हळद कायमची वस्तीला आलेली, मधे कधीतरी उतू गेलेल्या चहाचा नकाशा. पाहुणे आले की ते बेसिनखाली दडवायचं आणि गेले की पहिलं तेच शोधायचं. घरात नवा कुकर येतो, नवा गॅस येतो, नवी सूनही येते, मसोतं तेच राहतं.

याच मसोत्याच्या जागी मी माझे चौकोन बसवायला निघाले. दुकानात त्यांना पॉट होल्डर म्हणतात. आठ इंच लांब, आठ इंच रुंद, वर तुकड्यांची जोडणी, खाली एकरंगी सुती कापड, मधे जुन्या टर्किश टॉवेलचे दोन थर, कडेनं उरेप पट्टीचा गोट आणि कोपऱ्यात अडकवायला नाडीचं कडं. आडव्या-तिडव्या टिपा घातल्या की झालं. या टिपा नुसत्या शोभेच्या नव्हेत. त्या घातल्या नाहीत तर पहिल्या धुण्यातच आतला टॉवेल एका कोपऱ्यात गोळा होतो आणि उरलेल्या तीन कोपऱ्यांत भांडं धरणाऱ्याचं नशीब. नवं कापड असेल तर आधी भिजवून वाळवून घ्यावं लागतं, नाहीतर नवं आटतं, जुनं आटत नाही, आणि चौकोन तोंड वाकडं करतो.

हाताला धग लागू न देण्याचं काम खरं तर कापडापेक्षा त्यात अडकलेली हवाच जास्त करते. टॉवेल त्यासाठीच. ओल्या फडक्यानं पातेलं उचललं की चटका बसतो, कारण हवेच्या जागी पाणी शिरलेलं असतं आणि पाणी उष्णता वाहून न्यायला हवेपेक्षा वीसपटींहून जास्त तत्पर. हे मी एका इंजिनिअर भाच्याकडून नीट समजून घेतलं. माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही आत्या म्हणतो, त्यांनी तेच ज्ञान “वल्लं फडकं धरू नगं” एवढ्यात संपवलं.

दुसरं पथ्य पॉलिएस्टरचं. ते अडीचशे अंशांच्या थोडं पुढे वितळतं, मऊ तर त्याआधीच पडतं, आणि भाकरीचा तवा एकदा तापला की त्याच्या आसपास जाऊन बसतो. सुती कापड करपताना वास सोडून सावध तरी करतं. हे काही न बोलता बोटाला चिकटतं. म्हणून ह्यांच्या जुन्या सफारी सुटाकडे मी या कामासाठी ढुंकूनही बघत नाही. ह्यांना वाटतं, मी तो आठवण म्हणून जपलाय.

आता शिवलं म्हणजे द्यायला हवं. घरात किती चौकोन ठेवणार? आणि आम्हा मराठी बायकांच्या हाताला देण्यासाठी शिवायचं वळण रुखवतापासूनच लागलेलं. रुखवतात मांडलेली ज्वारीच्या दाण्यांची तुळस किंवा बांगड्यांची बाहुली संसारात काय कामाला येते, हे विचारायचं नसतं. पुढे फ्रीज आले तेव्हा याच हातांनी फ्रीजच्या मुठीला कव्हर शिवलं, वरच्या मुठीला लहान, खालच्या मुठीला मोठं. मिक्सरला कव्हर, टीव्हीला कव्हर, वॉशिंग मशीनला कव्हर, सिलिंडरला झालरीचा झगा. नव्वदच्या दशकात आमच्या कॉलनीत सिलिंडर बदलायला येणाऱ्या माणसाला आधी सिलिंडरचे कपडे उतरवावे लागत. एका काकूंनी तर कव्हरं मळू नयेत म्हणून वरून प्लॅस्टिकची कव्हरं घातली होती. त्यांच्या मानानं माझे चौकोन म्हणजे निव्वळ उपयुक्ततावाद.

तर मी ते वाटले. हळदीकुंकवाला वाटले, वास्तुशांतीला दिले, जावेच्या मंगळागौरीला आलेल्या सगळ्या पोरींना दिले. कुणीही वापरले नाहीत. “अय्या, इतकं सुंदर आहे, वापरवतच नाही हो!” हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की पुढचं मागचं सगळं पाठ झालंय. एकीनं दोन चौकोन शोकेसमध्ये, गणपतीच्या दोन्ही बाजूंना उभे केले. एकीनं फ्रेम करायला टाकला. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी तर माझ्यादेखत माझा चौकोन खिळ्यावरून अलगद काढून बाजूला ठेवला, त्याच्या मागचं मसोतं घेतलं, आमटीचं पातेलं उतरवलं आणि मग चौकोन पुन्हा जागेवर लावला.

याचा अर्थ एकच होता. माणूस चांगल्या वस्तूला घाबरतो. म्हणून मी पद्धत बदलली. हल्ली चौकोन शिवून झाला की त्याला कोरा ठेवतच नाही. हळदीचं बोट पुसते. चहाचं भांडं त्यानं उतरवते आणि थोडं सांडू देते. एक कडा तव्याला टेकवून जराशी तपकिरी करते, फार नाही, चव येण्यापुरती. मग धुवून, इस्त्री करून, कागदात गुंडाळून देते. घेणारी उघडते, डाग बघते, क्षणभर गप्प होते आणि दुसऱ्या दिवसापासून वापरायला लागते. पाठीमागे काय बोलते ते मला ऐकू येत नाही. वस्तू कामाला लागली की झालं.

आमच्या स्वयंपाकघरात हा प्रश्न कामाला येणाऱ्या मावशींनी केव्हाच सोडवला होता. खणाच्या तुकड्यांचा, मधे आठ पाकळ्यांची चांदणी असलेला माझा सर्वात देखणा चौकोन त्यांनी पहिल्याच दिवशी ओला करून ओटा पुसायला घेतला. मी “अहो मावशी!” म्हणून पुढे झाले. त्या म्हणाल्या, “जाड हाय, पानी चांगलं पितंय.” अख्ख्या नात्यागोत्यात माझ्या कलेवर मुद्द्याचं बोलणारी ही एकच बाई निघाली.

लहान वस्तू शिवणाऱ्या बाईला कधी ना कधी मोठं काहीतरी शिवायची हुक्की येते. मला मे महिन्यात आली आणि वाकळ शिवायची तर आत्यांना विचारल्याशिवाय चालत नाही. त्या माण तालुक्यातल्या. पाण्याचा दुष्काळ, थंडीचा सुकाळ. त्यांच्या माहेरी लुगडं आधी अंगावर विरायचं, मग दांड घालून पुन्हा अंगावर, मग लेकराच्या दुपट्याला आणि सगळ्यात शेवटी वाकळीत जायचं. तिथवर पोचलेलं कापड इतकं मऊ झालेलं असतं की ते पैसे टाकून मिळत नाही.

गच्चीवर तळाला अख्खी नऊवारी दुमडून पसरली. त्यावर धोतराचे थर, चादरीचे तुकडे, वर पुन्हा मऊ लुगडं, त्यावर माझी रंगीत ठिगळं. वाऱ्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, कुकर आणि ह्यांचा एक डंबेल ठेवला. डंबेलला घरात पहिल्यांदाच वजन आलं.

आणि भांडण सुरू झालं. मी व्हिडिओ बघून शिकलेली. मधून सुरुवात करायची आणि कडेकडे जायचं, म्हणजे चुण्या बाहेर ढकलल्या जातात, हा त्या लोकांचा नियम आणि मशीनवर तो खराही आहे. मशीनचे दाते खालचं कापड पुढे ओढतात, वरचं मागे रेंगाळतं, त्यामुळे कडेनं सुरुवात केली तर सगळा झोल मधे येऊन बसतो. आत्यांचं म्हणणं बरोबर उलटं. कडा आत दुमडायच्या, चारी बाजूंनी धावदोरा घालायचा आणि गोल गोल आत येत मध्यावर संपवायचं.

“आधी कुंपण घालावं, मंग रान नांगरावं,” त्या म्हणाल्या.

“पण मधे पोट सुटलं तर?”

“सुटू दे की. त्येच्यावर झोपायचंय, त्येला लगीन करायचं न्हाई.”

मी हरले असं नव्हे, पण दाभण त्यांच्या हातात होतं. नंतर वाचनात आलं की आमच्यापासून फार लांब नसलेल्या हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी बायकाही कवंदी, म्हणजे त्यांची वाकळ, शिवताना कोपऱ्यापासून सुरुवात करतात आणि कडेकडेनं फिरत मध्यावर येतात. शेवटी चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाचे छोटे त्रिकोण लावतात. त्यांना ‘फुला’ म्हणतात, आणि फुला नसलेली कवंदी त्यांच्या लेखी उघडी. हे मी आत्यांना सांगितलं. शेकडो वर्षांपूर्वी ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, त्या बायकांनी त्यांच्या बाजूनं कौल दिल्याचं त्यांना अजिबात नवल वाटलं नाही. “शान्या बाया हायेत,” म्हणाल्या आणि पुढच्या वाकळीला कोपऱ्यात त्रिकोण लावायचे ठरले.

दुसरा कौल भाचीकडून आला. ती न्यू जर्सीत असते आणि थंडीच्या दिवसांत क्विल्टिंगच्या क्लासला जाते. तिच्याकडून कळलं की तिथे चिंध्या विकत मिळतात. नव्याकोऱ्या कापडाच्या अडीच इंची पट्ट्या कापून गुंडाळून ठेवतात, त्याला जेली रोल म्हणतात. पाच इंची चौकोनांचा गठ्ठा असेल तर चार्म पॅक. कापायला फिरत्या गोल पात्याचा कटर, तो जपानच्या ओल्फा कंपनीनं १९७९ साली काढला. आतल्या थराची वेगळी गादी मिळते, मापाच्या पट्ट्या वेगळ्या, कापायला खालची चटई वेगळी. आत्यांनी व्हिडिओ कॉलवर हे सगळं शांतपणे ऐकलं. चांगलं कापड आणायचं, फाडायचं आणि पुन्हा जोडायचं, हा क्रम त्यांनी दोनदा विचारून पक्का केला. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “हिला पगार किती हाय गं?”

भाचीला ते लागलं असावं. तिनं मग अलाबामातल्या जीज बेंड नावाच्या गावातल्या क्विल्टांचे फोटो पाठवले. तिथल्या कृष्णवर्णीय शेतमजूर बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या शेतात घालून झिजलेल्या पँटा, शर्टांच्या पाठी आणि पिठाच्या पिशव्या जोडून गोधड्या शिवल्या, कारण घरात थंडी शिरायची आणि दुसरं कापड नव्हतं. त्याच गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या एका म्युझियमच्या आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमच्या भिंतींवर लागल्या. २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांची तिकिटं काढली. मला स्वतःला त्यातली गुडघ्यावर गडद आणि बाकी फिकट झालेल्या निळ्या डेनिमची एक गोधडी इतकी आवडली की ती बघून माझ्या आठ पाकळ्यांच्या चांदण्या मला जरा नटव्या वाटायला लागल्या. गुडघा कुठे टेकत होता ते त्या कापडावर दिसतं. असं काही ठरवून शिवता येत नाही.

आत्यांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन एकेक फोटो मोठा करून पाहिला.

“बायांनी कष्ट केल्यात,” त्या म्हणाल्या. “पर टाकं मोठं पडल्यात. पायाचं बोट अडकंल.” आणि थोड्या वेळानं, “भितीवर का टांगल्यात? भितीला थंडी वाजती व्हय?”

भाचीला मुलगी झाली तेव्हा आत्यांनी शिवलेली वाकळ तिकडे पाठवायची ठरली. वाकळ काही उशीच्या खोळीत मावणारी वस्तू नाही. विमानाच्या बॅगेची मर्यादा तेवीस किलो. स्वयंपाकघरातून वजनकाटा आला, न्हाणीघरातला काटा आला आणि मेतकूट, भडंग, शेंगाचटणी एकेक करून बाहेर पडू लागली. भडंग बाहेर काढताना भाचीच्या सासूबाईंचा चेहरा मला बघवला नाही. सांगलीच्या भडंगाला मागे ठेवून जुनी लुगडी अमेरिकेला जातात, हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. पण आत्या बॅगेजवळ खुर्ची टाकून बसल्या होत्या, त्यामुळे चर्चेला वाव नव्हता.

वाकळ पोचली. भाचीनं फोटो पाठवला. तिनं ती दिवाणखान्याच्या भिंतीवर लावली आहे, वरून छोटा दिवाही सोडलाय. आत्यांना हे अजून कुणी सांगितलेलं नाही. व्हिडिओ कॉलच्या वेळी भाची त्या भिंतीकडे पाठ करून बसत नाही.

या सगळ्याचा एक परिणाम असा झाला की माझं नाव झालं. गावात एखादी बाई तुकड्यांचं काही शिवते हे कळलं, की गावातल्या सगळ्या गाठोड्यांना पत्ता मिळतो. टाकायचं कुणालाच होत नाही, आणि आता त्यांना टाकायचीही गरज उरली नाही. “तुम्हाला उपयोगी पडतील” असं म्हणून लोक पिशवी दारात ठेवतात आणि मी दार उघडायच्या आत जिना उतरलेले असतात. अर्धवट विणलेला स्वेटर आला. एक मोजा आला. कुणाच्या तरी लग्नातला फेटा आला, त्याला अजून अक्षता चिकटलेल्या होत्या. एका ओळखीच्या शिंपीणकाकूंनी दुकान आवरताना काजं-बटणांच्या पट्ट्यांचं पोतं पाठवलं. त्याचं मी काय करावं अशी त्यांची अपेक्षा होती, हे विचारायला फोन केला तर म्हणाल्या, “तुमच्या हाताला जादू आहे.”

आणि परवा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी सुटिंगच्या तुकड्यांच्या दोन भरगच्च पिशव्या आणून दिल्या. सगळं टेरिकॉट आणि पॉलिएस्टर. राखाडी, करडा, गडद राखाडी, आणि एक काळा ज्याला त्या नेव्ही ब्लू म्हणत होत्या. भांडं उचलायला चालत नाही, पांघरायला टोचतं, बोहारीण तुकडे घेत नाही आणि परत न्या म्हणायची सोय नाही, कारण त्या आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी आहेत. मी पिशव्यांकडे बघत बसले होते. आत्या आतून आल्या, एक तुकडा दोन्ही हातांनी ताणून पाहिला.

“पायपुसनी कर,” म्हणाल्या. “मरंपर्यंत फाटायची न्हाईत.”

ते पटलं. पॉलिएस्टर पाणी फारसं पीत नाही, पण मधे जुनी चादर घातली की ती पिते, आणि वरचं कापड घासून झिजत नाही. मशीनला अठरा नंबरची सुई लावली, टाका मोठा केला आणि संध्याकाळपर्यंत पहिलं पायपुसणं झालं. आमच्या बिल्डिंगला प्रत्येक मजल्यावर चार दारं. पिशव्या संपायला ती बरोब्बर पुरतील असा हिशेब निघाला. पहिलं कुणाच्या दारात जाणार यावर घरात मतभेद नव्हते.

काकूंनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, राखाडीत राखाडी कसं खुललंय ते आपल्या यजमानांना बोलावून दाखवलं. “इतकं सुंदर केलंय, यावर पाय कसा ठेवायचा?” म्हणाल्या आणि आत जाऊन टीव्हीखाली अंथरून आल्या.

दुसरं पायपुसणं काल तयार झालं. ते देण्याआधी मी मुलाला पावसात क्रिकेट खेळून यायला सांगितलंय.